नऊ चमचे आणि एक इंजिन

बाबांची पहिली गाडी मी आठवीत असताना विकली गेली. पंचावन्नाव्या वर्षी मी तिचंच चोवीसपट लहान मॉडेल करायला घेतलं. दारं, सीटा, डिकी, सगळं जमलं. इंजिनाच्या रंगाशी येऊन मात्र घोडं अडलं.

कारण बाबा. पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून त्यांनी सगळी नोकरी तिथेच रंग तपासण्यात काढली. खिशात दोन पेनं, फुलीला लाल आणि पासला हिरवं. रिटायर झाले तरी दोन्ही खिशातच. घरात हिरव्याचं टोपण उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. माझ्या रांगोळीपासून लग्नाच्या शालूपर्यंत त्यांनी माझं काही म्हणून पास केलं नाही. हे काडेपेटीएवढं इंजिन तरी पास करावं, एवढीच माझी इच्छा होती. हट्टच म्हणा.

गाडीच्या जुन्या माहितीपुस्तकात इंजिन निळसर करडं होतं. तसा रंग मी कालवला, प्लास्टिकच्या चमच्यावर लावला, मागे 'एक' हा आकडा घातला आणि बाबांना दाखवला.

"पिवळट आहे," म्हणत त्यांनी मागे लाल फुली मारली. "निळं घाल."

घातलं. तरी पिवळट. पुन्हा घातलं. रंगाच्या दुकानदारानं चमचा बघितला आणि म्हणाला, "दीदी, ये तो आसमान हो गया." मलाही तसंच दिसत होतं, पण बाबांपुढे माझ्या डोळ्यांची काय बिशाद? नवव्या चमच्याला ते "आता जवळ आलीस" म्हणाले. मी हुरळून इंजिन त्याच रंगानं रंगवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी आधी इंजिन मागितलं.

"हे एवढं निळं कोणी केलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, बाबा?" माझा आवाज चढला.

त्यांनी उजवा डोळा झाकून बघितलं, मग डावा झाकून. "या डाव्याला अजून सगळं पिवळट दिसतंय," ते म्हणाले. मग चमचे मागितले. एकेक खिडकीशी धरत त्यांनी एक बाजूला काढला आणि उलटा केला. मागे आकडा एक, आणि त्यांचीच लाल फुली.

म्हणजे इतके दिवस चुकत कोण होतं, मी, बाबा, की मोतीबिंदू? रागवायचं तर कोणावर? मला शालू आठवला. तेव्हा तर मोतीबिंदू नव्हता. मग शालू खरंच वाईट होता की काय? मला काही कळेना.

"हाच," बाबा म्हणाले.

"मग करा पास."

"मला नाही करता येणार. ज्यानं फुली मारली त्यानंच तो पीस पास करायचा नाही, असा नियम होता आमच्यात. दुसऱ्या इन्स्पेक्टरनं बघायचा."

"आता दुसरा इन्स्पेक्टर मी कुठून आणू?"

त्यांनी खिशातलं हिरवं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तू बघ. पटलं तर सही कर."

मी चमचा उजेडात धरला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी होतं, निळं काय नि करडं काय, काहीच कळत नव्हतं. सही केली. करण्याआधी चमचा तोच ना, हे मात्र बाबांना दोनदा विचारलं.