पुलाची जागा

इंदापूर तालुक्यात आमच्या शेताला आडवा ओढा आहे. पावसाळ्यात तो भरला की पेरूचे क्रेट पलीकडे नेता येत नाहीत, माल अलीकडेच पिकून सडतो. मी बारामतीत कॉलेजात नोकरीला. पगार हातात येण्याआधीच कर कापला जातो. वडील, म्हणजे आमचे तात्या, डिझेलवर आणि खताच्या पोत्यावर भरतात. घेताना कुणी विचारत नाही, तुम्ही कुठल्या पक्षाचे. द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न तोच. याची मला अजून चीड येते.

तात्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे जुने कार्यकर्ते. पूल मागितला की पुढारी म्हणायचे, दिल्लीत एकांचं सरकार, मुंबईत दुसऱ्यांचं, पैसा येणार कुठून? पुढं दोन्हीकडं एकच सरकार आलं, तर आम्हीच विरोधात. मग पुढारी विकासासाठी म्हणून सत्तेत गेले. तात्यांनी निमूट गळ्यातलं उपरणं बदललं. खरंच निधी मंजूर झाला. पुढारी स्वतः बांधावर आले.

"तात्या, पुलाला जोडरस्ता लागंल. जागा मोकळी करून ठेवा."

तात्यांनी फळाला आलेली पेरूची झाडं तोडली. आई त्या दिवशी रानात फिरकली नाही.

पूल झाला, पण खालच्या वाडीला. ती वाडी वर्षानुवर्षं पुढाऱ्यांच्या विरोधात मतं देणारी. आम्ही दोघं इंदापूरला त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी तात्यांना शेजारी बसवलं, चहा मागवला.

"तिथली मतं आपल्याकडं वळवायची हायत, तात्या. तुमची काय, हायतच की. तुमी घरची मानसं."

मला वाटलं, आता तात्या कप आदळतील. त्यांनी चहा संपवला, "व्हय" म्हणाले आणि उठले. परतताना गाडीवर मागं बसून एवढंच बोलले, "आपन ह्याला पाडायला निघालो आस्तो, तर पूल आपल्याला झाला आस्ता." इतकं फसवल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. या पुढाऱ्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. तात्यांनीही ठरवलं असेल, असं धरून चाललो.

पुढच्या निवडणुकीला तात्या मत देऊन आले, तेव्हा मी ओसरीवरच होतो. कुणाला दिलं, म्हणून विचारलं.

"त्यालाच," चपला काढत ते म्हणाले. "दुसरं कोन हाय आपलं?"