एक दिवस तिचं टपाल, एक दिवस त्याचं

लोकांची भांडणं सोडवायची मला भारी हौस होती. पोस्टमास्तरच्या खुर्चीवर बसून मी ती पुरेपूर भागवून घेतली. आता निवृत्त आहे, आणि घरात दोन सुनांचं वाजलं तरी चपला पायात सरकवून बाहेर पडतो. बायको म्हणते, तुम्ही भित्रे झालात. तिचं खरं आहे.

माझं शेवटचं पोस्ट बुरहानपुरातच, दोन खिडक्यांचं. त्याच्या मागच्या गल्लीत एका नवरा-बायकोची माती तपासायची लॅब होती. निंबोल्यापासून खकनारपर्यंतचे केळीवाले पिशव्यांतून माती घेऊन तिथे येत. तपासायची ती. एमएस्सी झालेली, बोलणं कमी, कामाला चोख. तो गावोगाव फिरून गिऱ्हाईक जोडायचा. संसार आणि लॅब दोन्ही बारा वर्षं बरोबरीने चालली आणि मोडायलाही बरोबरच निघाली. घटस्फोटाचा दावा कोर्टात गेला. तो भावाकडे राहायला गेला, पण दिवसा लॅबच्या पुढच्या खोलीत येऊन बसे. ती मागच्या खोलीत काम करी. ये-जा मागच्या दाराने. मधल्या दाराला कुलूप.

मग एकाच आठवड्यात दोघांचे दोन अर्ज माझ्या टेबलावर आले. लॅबचं टपाल फक्त मलाच द्यावं, असं दोघांनीही लिहिलेलं.

"साहेब, बोर्ड माह्या नावाचा आहे," तो म्हणाला. "टपाल मलेच भेटलं पाहिजे. बराबर की नाही?"

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "काका, बाकीचं टपाल कोणाला पण द्या. लॅबच्या परवान्याचं भोपाळहून पत्र येणार आहे. कागद घेऊन कोणत्या तारखेला हजर व्हायचं, ते त्यात राहील. फोन केला तर म्हणतात, पत्र येईल. त्या दिवशी मी नाही गेली तर लॅब बंद होऊन जाईल. बस, तेवढं पत्र मला भेटू द्या."

तेव्हा तिला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं.

नियम साधा होता. पाकिटावर ज्याचं नाव, त्याला ते द्यायचं. नुसतं फर्मचं नाव असेल आणि मालकांत भांडण असेल, तर पाकीट पोस्टात ठेवून वर लिहून विचारायचं. पण वर विचारतो तो कसला पोस्टमास्तर, अशी माझी तेव्हाची समजूत. शिवाय मी दापोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. माझे वडील आणि काका आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण सामाईक विहिरीची पाळी एकदाही चुकली नाही. एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा. दुसऱ्याच्या दिवशी कोणी बादलीभरसुद्धा पाणी काढत नसे, आणि केळी दोन्हीकडची जगली.

हीच पाळी मी त्या दोघांना लावली. विहिरीची गोष्ट रंगवून सांगितली. सोमवार, बुधवार, शुक्रवार टपाल मागच्या दाराने तिला, उरलेले तीन वार पुढच्या दाराने त्याला. ज्याला जे मिळेल त्यातलं दुसऱ्याचं त्याने पोचवायचं. दोघांनी सह्या केल्या. माझी छाती फुगली. पुढचे दोन दिवस मी स्टाफला तेच ऐकवत होतो.

महिना-दीड महिना सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी ती आली. चेहरा उतरलेला.

"काका, भोपाळची तारीख होऊन गेली. फोनवर म्हणाले, पत्र केव्हाच पाठवलं, तुम्हीच आल्या नाहीत. परवाना रद्द झाला."

मी स्पीड पोस्टचा नंबर विचारला आणि कॉम्प्युटरवर पाहिला. सोमवारी दार बंद. मंगळवारी दिलं. सही त्याची.

त्याला बोलावणं धाडलं. तो सुतळीने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा घेऊन आला. एकही फोडलेलं नव्हतं. "वकील बोलले, काही खोलायचं नाही, काही द्यायचं नाही," तो म्हणाला. "आणि साहेब, मंगळवार तर माहाच होता ना?"

गठ्ठ्यातून भोपाळचं पाकीट निघालं. पहिल्या ओळीत छापील अक्षरांत तिचं नाव होतं. लॅबचं नाव त्याच्या खाली. तो बघत राहिला आणि बाकावर बसला. "मी नावच नाही वाचलं," म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

तिने पाकीट घेतलं. फोडलं नाही, पर्समध्ये ठेवलं. "काका," ती अगदी हळू म्हणाली, "विहिरीच्या पाण्यावर कोणाचं नाव नसते."

लॅब बंद पडली. पुढे घटस्फोटही झाला. ती आता एका शाळेत शिकवते. बाजारात भेटली की नमस्कार करते, तब्येत विचारते. म्हणते, "तुम्ही तर भल्यासाठीच केलं होतं, काका. त्यांनी नाव वाचलं नाही, तुम्ही काय करणार?" मी मान हलवतो आणि भाजीकडे बघतो.

त्या मंगळवारी सकाळी आमचा पोस्टमन ते पाकीट घेऊन माझ्या टेबलापाशी आला होता. आदल्या दिवशी ती खकनारकडे माती आणायला गेली होती, म्हणून पाकीट परत आलेलं. "साहेब, हे बाईच्या नावाचं आहे, कालचं. कोणाला देऊ?" त्याने नाव वाचलं होतं. पाकीट माझ्यासमोर धरलंही होतं. मी हातातल्या कागदावरून मान वर न करता विचारलं, "आज वार कोणता?"

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.