वाटाण्याएवढी गोगलगाय

ओहोटी लागली की वसईच्या खाडीकाठच्या चिखलावर शेवाळाचा हिरवट, पातळ थर दिसतो. त्याच थरात ती राहते. वाटाण्याएवढी गोगलगाय, पाठीवर कागदासारखा पातळ, फुगीर शंख. बुडबुडाच म्हणा, इंग्रजीतलं तिचं नावही तेच, बबल स्नेल. मला तिचे फोटो काढायचं वेड आहे. त्या रविवारी सत्तरी ओलांडलेले बाबाही हट्टानं माझ्याबरोबर आले.

काठावरच्या दगडावर बसून मी कॅमेऱ्याची लेन्स पुसत होते. पुढे जाऊ नका, इथला चिखल वाईट आहे, असं बाबांना आधीच बजावलं होतं.

"मना नको शिकवू चिखल," ते म्हणाले. "सारा जलम भातात गेला माजा."

घात तिथेच झाला. कामणच्या आमच्या भातखाचरात पाय जरा रुतला की खाली घट्ट जमीन लागते. खाडीचा चिखल पाय घेतच राहतो. मी मान वर केली तेव्हा बाबा मांडीपर्यंत रुतले होते आणि समोरून भरतीचं पाणी सरकत येत होतं.

मी कॅमेरा दगडावरच टाकला. पोटावर आडवी होऊन सरपटत निघाले. "बाबा, मागे रेला! आडवे व्हा!" पण ते ऐकेनात. चांगल्या माणसानं म्हशीसारखं चिखलात लोळायचं म्हणजे काय! पाणी कमरेला लागलं तेव्हा कुठे कुरकुरत मागे रेलले. मी ओढणी फेकली. त्यांनी ती एकाच हातानं धरली.

"दोन्ही हातांनी धरा!"

"तू वढ."

"बाबा, मरायचंय का तुम्हाला?" जन्मात मी त्यांच्यावर अशी ओरडले नव्हते.

एक पाय सुटला. बऱ्याच वेळानं दुसरा. काठाला लागलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती आणि मला रागानं रडू येत होतं. दुसरा हात का दिला नाहीत, म्हणून मी पुन्हा त्यांच्यावर तुटून पडले.

बाबांनी उजवी मूठ हळूच उघडली. चिखलाच्या गोळ्यात ती होती, अंगठ्याकडे सरकत. शंखाला तडासुद्धा गेला नव्हता.

"तुला पायजे व्हती ना," ते म्हणाले. "मूठ आवळली असती तं फुटली असती."

फोटो मी काढलाच नाही. तिला पुन्हा ओल्या चिखलावर ठेवलं, आणि रिक्षा घरासमोर थांबेपर्यंत बाबांचा तो हात धरून बसले.