उजव्या हाताचा दगड

१९७३ च्या दिवाळीआधी, एका सोमवारी सकाळी, वस्तऱ्याला धार लावत असताना माझ्या वडिलांच्या शरीराची उजवी बाजू गेली. ते कोल्हापुरात न्हावीकाम करीत. सोमवारी दुकान बंद असे आणि आठवडाभराचे वस्तरे त्या दिवशी घरी पाजळले जात. आई न्हाणीतून बाहेर आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते. धारेचा दगड मांडीजवळ होता. हातातून सुटलेला वस्तरा उघडाच फरशीवर पडला होता. कुठे कापले नव्हते.

सरकारी दवाखान्यातून त्यांना घरी आणले तेव्हा तोंड वाकडे झाले होते, बोलणे अडखळत होते, पण कळत सगळे होते. उजव्या गालाला स्पर्श समजत नव्हता. पेज भरवली की थोडी त्या बाजूने ओघळे आणि वाढलेल्या दाढीत अडकून बसे. आई ओल्या फडक्याने पुसत राही. फडके फिरत असताना वडील डोळे मिटून घेत.

न्हावी स्वतःची दाढी सहसा स्वतः करीत नाही. वडील आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाचे मालक सोमवारी एकमेकांची करीत. ते गृहस्थ सामान घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "काय वस्ताद, दाढी वाढवून कुठल्या मठात निघालाय?" वडिलांनी डाव्या हाताने चादर नाकापर्यंत ओढली. ते गृहस्थ बराच वेळ बसले, चहा घेतला आणि सामान न उघडता गेले. ते गेल्यावर वडील आईला म्हणाले, "त्येच्याम्होरं ह्ये तोंड करून बसू व्हय?"

मी बाजारातून पत्तीचे रेझर आणले. वडिलांनी भिंतीकडे तोंड वळवले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केले आणि नंतर धोकटीकडे, म्हणजे ज्या चामडी पिशवीत त्यांची हत्यारे असत तिच्याकडे.

मी तेव्हा एका दैनिकात वार्ताहर होतो. वस्तरा कधी हातात धरलेला नव्हता. मी डावखुरा आहे. डाव्या हाताच्या माणसापुढे गिऱ्हाईक मान वाकवत नाही, असे वडिलांचे मत होते आणि त्या एका कारणावरून त्यांनी मला शाळेत घातले होते, दुकानात नाही.

त्यांनी अट घातली. धार आधी सारखी व्हायला हवी, टोकापासून मुठीपर्यंत. अर्धवट धारेचा वस्तरा स्पर्श कळणाऱ्या गालावर ओढला तर माणूस हिसका देतो, आणि करणाऱ्याचा हात थांबतो. त्यांचा उजवा गाल हिसका देणार नव्हता. तिकडे कातडी सोलली गेली तरी ते मला सांगू शकणार नव्हते.

दगड हाताच्या पंजाएवढा, काळसर. त्यावर पाणी टाकायचे, वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. धार पुढे ठेवून ढकलायचा, टोकाला पोचला की पाठीवर उलटायचा आणि परत आणायचा. जोर द्यायचा नाही. हे त्यांनी तुटक शब्दांत सांगितले आणि मी पलंगाशेजारी खाली बसून ते करू लागलो. झाल्यावर वस्तरा त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या ओल्या नखावर ठेवून हलकेच ओढायचा. धार असेल तिथे पाते नखाला धरते. नसेल तिथे घसरते.

टोकाकडे धरत असे. मुठीकडे घसरत असे. वडील मान हलवत. मी पुन्हा खाली बसे.

मी मुठीकडे जोर दिला, तर धार दुमडली. हात सैल केला, तर काहीच बदलले नाही. दुसरा वस्तरा घेतला, त्याचेही टोकच लागले. कचेरीतून रजा वाढवून घेतली. आईने स्वयंपाकघरातून विचारणे बंद केले होते. दगडाचा आवाज चालू आहे म्हणजे झाले नाही, एवढे तिला कळत होते. एकदा वडिलांचे नख तपासता तपासता चिरले गेले. त्यांनी दुसरे बोट पुढे केले.

मग त्यांना ताप चढू लागला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि बाहेर येऊन शिरोळच्या मुलीला बोलावून घ्या म्हणून सांगितले. आईने बहिणीकडे निरोप धाडला. मग आई आत येऊन माझ्याजवळ बसली. "घरात सुतक असल्यागत दाढी वाढलीया," ती म्हणाली. "पोरीनं असं बघायचं त्येंना?"

मी दगडावर पाणी ओतले आणि वस्तरा घ्यायला हात पुढे केला. तो अजून हातात आला नव्हता म्हणून पाण्याकडे लक्ष गेले. ते दगडभर पसरले नव्हते. एका अंगाला, तिरप्या लांबट खोलगटीत साचले होते. दगड वर्षानुवर्षे एकाच हाताखाली झिजला होता आणि तो हात उजवा होता. माझ्या डाव्या हातातल्या वस्तऱ्याचे टोक उंच कडेवर घासले जात होते आणि मुठीकडचा भाग खोलगटीवर अधांतरी राहत होता.

मी उजव्या हाताने करून पाहिले. पाते थरथरत गेले आणि टोकाची होती ती धारही गेली.

दगड सपाट करणे शक्य होते. फरशीवर ओली वाळू पसरून त्यावर घासायचा. मी वाळू चाळायला घेतली तेव्हा आईने दगड उचलून पदराखाली धरला.

"त्येनी उठल्यावर कशावर धार लावायची?" ती म्हणाली.

मी चाळण खाली ठेवली. वडील ऐकत होते. त्यांनी मला हाक मारली.

"पानी कुठं ऱ्हातंय?"

"तुमच्या हाताच्या बाजूला, आबा."

त्यांच्या छातीतला आवाज खोलीभर येत होता. ते म्हणाले, "घास की मग."

आईने दगड लगेच दिला नाही. त्यांनी तिच्याकडे बघितले, तेव्हा दिला.

न्हाणीतल्या फरशीवर मी तो घासला. वर कोळशाच्या रेघा ओढायच्या, घासायचा आणि रेघा कुठे उरतात ते पाहायचे. खोलगटीतल्या रेघा सर्वांत शेवटी गेल्या. वाळूचे ओरखडे विटेच्या बारीक पुडीने काढले. बोटांची टोके सोलवटली होती, पाण्यातली लाली विटेची की बोटांची ते कळत नव्हते. त्यानंतर वस्तरा लावला, धोकटीतल्या चामडी पट्ट्यावर फिरवला आणि त्यांच्या नखावर ठेवला. पाते टोकाला धरले, मध्ये धरले, मुठीपाशीही धरले. वडिलांनी तो पुन्हा ओढायला लावला. मग हनुवटी वर केली.

आधी डावा गाल केला. त्यांनी दोनदा हिसका दिला आणि मी थांबलो. उजव्या गालाला वेळ लागला. जबड्याच्या हाडाखाली एक बारीक काप गेला. त्यांना कळला नाही. मी तुरटी लावली. झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने डावा गाल चाचपला, मग उजवा, आणि उजवा पुन्हा.

बहीण दुसऱ्या दिवशी शिरोळहून एसटीने पोचली. वडील पहाटे गेले होते.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या मालकांनी माझे डोके केले. वस्तरा वडिलांचा होता. त्यांनी तो आधी आपल्या नखावरून टोकापासून मुठीपर्यंत ओढून पाहिला आणि पट्ट्याला न लावता काम सुरू केले.