राठोडांच्या भिंतीतलं सोनं

शेजारी मिस्त्री लागला की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. धुळीसारखे ते आपोआप घरात येतात, आणि मी काही दार लावून बसणारी बाई नाही.

सुरुवात गिरणीत झाली. माझ्या पुढं उभी असलेली बाई दुसरीला सांगत होती, "राठोडाच्या बाथरूमची भिंत फोडली ना वं, तं आतून सोनं..."

आणि गिरणीवाल्यानं चक्की सुरू केली!

पुढं नुसते ओठ हलताना दिसले. चक्की थांबेपर्यंत बायका पिठाचे डबे उचलून पसार. घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. पदरचं काही जोडलं नाही, फक्त 'हंडा' म्हटलं. सोनं भिंतीत ठेवायचं तर काही भांडं लागेलच ना?

*

राठोड म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. विजय, त्याची बायको कमल आणि विजयची आई. त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून साऱ्या गल्लीची ती याडीच. दिवाळीनंतर याडी त्या बाथरूममध्ये घसरून पडली, कंबर दुखावली, आणि पुसदला लेकीकडं गेली ती तिकडंच राहिली. "त्या बाथरूमात म्या पाय नाही ठेवत!" फोनवर एकच पाढा.

इकडं होळी तोंडावर आलेली. तांड्यावर होळीचं गाणं याडीनं उचलल्याशिवाय उठत नाही. आणि कमलला सासूशिवाय घर खायला उठलेलं. हो, अशीही सून असते! म्हणून ही सारी तोडफोड.

याडी तशी कडक. मागं एकदा तिची नाकातली फुली हरवली, तर माझ्या कोंबड्यानंच गिळली म्हणून तिनं तो कापायला लावला. पोटात काही निघालं नाही. रस्सा मात्र दोन्ही घरी झाला.

*

हंड्याचा तपास करायला मी विरजणाची वाटी घेऊन गेले. रशीद मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवून पाहत होता. ठक वाजलं की पुढं सरकायचा. बद्द वाजलं की तिथलं प्लास्टर खाली!

"काय शोधून राह्यले रशीदभाई?" मी अगदी सहज विचारलं.

"पोकळी, काकू. ओल धरली का प्लास्टर आतून सुटते. वरून मस्त दिसते, माणसावानी."

"आन् निंघालं का काही?"

रशीदनं कमलकडं पाहिलं, कमलनं भिंतीकडं. "इटा निंघाल्या," म्हणाली आणि हसली. हंडा पक्का!

मग मी आमच्याही भिंती लाटण्यानं वाजवून पाहिल्या. दरवेळी हे उठून दार उघडायचे. "कोणीच नाही वं!" शेवटी कंटाळून त्यांनी दार उघडंच ठेवलं, तर गल्लीतली बकरी थेट स्वयंपाकघरात!

*

रशीदनं ओळंबा सोडला. दोरी सरळ, भिंत मधेच फुगलेली. विजयला घाई. "सोड ना भाई, टाइल लागली का कोणाले दिसते?"

"भाऊ, पोट सुटलं का शर्ट बदलून भागत नाही. बटन तुटतेच!"

विजयनं गुपचूप पोट आत ओढलं.

तो फुगवटा छिलून, खोलगट जागा भरून भिंत सरळ करेपर्यंत नवरा-बायको आंघोळीला आमच्याकडं. विजय बादलीभर पाण्यात तासभर गातो हे मला तेव्हा कळलं. हे बाहेर टॉवेल घेऊन उभे. "त्याइचं बाथरूम लवकर होऊ दे बापा," मला म्हणाले, "मले ऑफिस आहे!"

*

सगळ्यात मोठा घोळ केला कमलनं. नवं प्लास्टर चढलं. टाइल नीट धरावी म्हणून रशीदनं ओल्या प्लास्टरवर मुद्दाम आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि नमाजाला गेला. कमलला वाटलं, मिस्त्री काम अर्धवट टाकून पळाला! तिचं सारं बालपण तांड्यावर भिंती सारवण्यात गेलेलं. तिनं पदर खोचला, पाण्यात हात बुडवला आणि साऱ्या रेघा पुसून भिंत आरशासारखी करून ठेवली. वर मला बोलावून दाखवली. मीही "वा!" म्हटलं.

रशीद आला आणि दारातच थिजला.

"भाभी, हे काय करून ठेवलं?"

"गुळगुळीत!" कमल खुशीत.

"आता याच्यावर टाइलच काय, माशी बी बसत नाही! घसरते!"

परत खरवडायला लागला. पण जाताना म्हणाला, "हात मात्र साफ हाय, भाभी. रमजान झाला का माह्या घरी भिंतीची पुताई करायले या!"

*

भिंतीला पाणी मारणं चालू होतं, टाइलचे खोके अजून फुटले नव्हते, आणि एका दुपारी याडी जीपमधून उतरली! कोणी न बोलावता! काठी टेकत सरळ बाथरूममध्ये. काठीनं खालपासून वरपर्यंत भिंत वाजवली. ठक. ठक. ठक. कुठंच बद्द नाही.

"बरी हाय," म्हणाली. "आता शेजारणीले बोलवा."

मी दारातच होते, माझ्या मागं हेही.

याडी खुर्चीवर बसली. कमलनं पदराची गाठ सोडून तिच्या हातावर काहीतरी ठेवलं, ते तिनं नाकात घातलं. उजेडात तिच्या नाकातली सोन्याची फुली चमकली. जुनीच!

"कोनाड्यात काढून ठेवलती आंघोळीले," याडी म्हणाली. "सुटलेल्या प्लास्टरच्या मागं घसरली आन् तिथंच राह्यली. भिंत फोडली तं पडली खाली. भिंत उभी झाली तवा विजयनं फोन केला, मंग मी कायले थांबतो पुसदले!"

"पयले याडीले सांगाचं होतं ना काकू," कमल म्हणाली. "म्हणून तुमाले नाही बोलली."

"एवढंच निंघालं?" माझ्या तोंडून गेलं. "आन् हंडा?"

"कायचा हंडा?" याडी.

हे माझ्याकडं पाहायला लागले. मी घाईनं विषय बदलला.

"म्हणजे याडी, माह्या कोंबड्यानं गिळलीच नव्हती!"

याडीनं फुलीवर बोट ठेवलं.

"नाही वं," ती म्हणाली. "पण रस्सा मस्त झालता!"