बाबांची स्कूटर

रविवारी सकाळी मी मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यासाठीच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन गॅलरीत बसते, आणि खाली आई बाबांची स्कूटर सुरू करते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. आईला स्कूटर चालवता येत नाही, मलाही नाही. ती पदर खोचून किक मारते, इंजिन जरा वेळ धडधडू देते, सीटवरून फडकं फिरवते आणि बंद करते.

"कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"बॅटरी उतरते नाहीतर."

मन दुःखापासून स्वतःला कसं वाचवतं, यावर पुस्तकात आख्खं प्रकरण आहे. प्रत्येक उदाहरणाखाली चार पर्याय, त्यातला एकच बरोबर. मी आईला त्यात बसवून पाहते. नकार म्हणावं, तर बाबांच्या फोटोला हार तीच घालते. माणसावरची माया वस्तूवर गेली म्हणावं, तर स्कूटरवर माया कसली, ती नुसती चिडते. की ही नुसती सवय? तो पर्याय छापलेलाच नाही. सराव परीक्षेत मी भराभर खुणा करते. इथे पेन्सिल हातातच राहते.

आज किक मारली, तर आवाजच आला नाही. पुन्हा मारली, तरी नाही. आई कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "मेकॅनिकला बोलवायला हवं."

मी तोवर अनवाणीच जिना उतरून खाली पोचले होते. हँडल घट्ट धरून आईला सांगत होते, "थांब गं, होईल सुरू. गेल्या रविवारी तर चांगली होती."