कप्तानाचं उत्तर

अबिलिओ सुल्काला सिनेमाचं वेड लागलं तेव्हा त्याच्या बायकोने, मार्सेलिनाने, कॅमेरा उचलून बटाट्यांच्या पोत्यात दडवून ठेवला होता. त्याने तो शोधून काढला आणि वर तिलाच विचारलं, "भिंगात माती गेली असती म्हणजे?" अशा माणसाचं काय करायचं, सांगा!

वामांगा शहरात लग्नं, बारशी आणि शाळेची संचलनं यांचं चित्रण करून तो पोट भरायचा. कामाला पक्का. नवरीची एकही मावशी त्याच्या कॅमेऱ्यातून सुटायची नाही, म्हणून बायका त्यालाच बोलवायच्या. तेवढ्यावर सुखाने राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही. आधी त्याने भुताचा सिनेमा केला. तोंडाला पीठ फासून मेहुणाच भूत झाला होता. खेडोपाडी सभागृहांत लोकांनी तो गर्दी करून पाहिला, किंचाळत पाहिला. झालं, तेव्हापासून अबिलिओ स्वतःला दिग्दर्शक म्हणवून घेऊ लागला.

"दुसऱ्यांच्या लग्नात तुला कोंबडी तरी खायला मिळते," मार्सेलिना म्हणायची. "तुझ्या सिनेमात मीच सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, आणि वर रडणारी बाईही मीच व्हायचं!"

एवढं बोलून ती शिवणयंत्रावर जाऊन बसायची, कारण पुढच्या सिनेमाला सैनिकांचे गणवेश हवे होते. जुन्या पडद्यांचं कापड हिरव्या रंगात उकळून तिने ते शिवले. बुटांचं काय? शेतात घालायचे रबरी बूट काळे रंगवले. बंदुका मेहुण्याने, सेनोनने, लाकडाच्या केल्या. तो धंद्याने सुतार. कॅमेराही तोच धरायचा, कारण त्याचा हात हलत नसे.

हा दुसरा सिनेमा भुताचा नव्हता. अबिलिओचं गाव पुकावासी, वर डोंगरात. सरकार आणि बंडखोर यांच्या लढाईच्या त्या वाईट वर्षांत एका पहाटे लष्कर तिथे आलं, चौकात सगळ्यांना उभं केलं आणि तरणी पोरं घेऊन गेलं. त्यातलं एकही परत आलं नाही. अबिलिओ तेव्हा लहान, आईच्या घागऱ्याला धरून उभा होता. ते कधी ना कधी पडद्यावर आणायचंच, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आणि काय काय सोसलं त्यापायी! ट्रक चुलतभावाचा, तो कांदे वाहून न्यायचा. कांदे नसतील त्या दिवशी चित्रीकरण. नायिकेला दिवस गेले, म्हणून अर्ध्या सिनेमात तिचा नुसता चेहरा दिसतो. नायकाचा मित्र झालेला पोरगा मधेच सोन्याच्या खाणीवर निघून गेला, तर अबिलिओने त्याला तिसऱ्याच प्रसंगात मारून टाकलं. हाती आलेल्या लग्नांच्या तारखा चुकल्या, गिऱ्हाईकं तुटली. मुलीचे शाळेचे बूट घ्यायचे राहिले ते राहिलेच. दोन वर्षं घर नुसतं सूपावर चाललं.

शेवटी एकच प्रसंग उरला, चौकातला. तोच नसेल तर सिनेमाच नाही.

गावाने सभा भरवली. गावचा प्रमुख होता तेओदोसियो. सभेत कोकाची पानं फिरली, म्हातारे बराच वेळ चघळत बसले.

"कर," तेओदोसियो शेवटी म्हणाला. "आमच्या नातवंडांना वाटतं आम्ही गोष्टी रचून सांगतो. बघू देत. पण एक अट. गावातल्या कुणी तो गणवेश अंगावर घालायचा नाही. सैनिक बाहेरून आण."

सैनिक मिळाले: शहरातल्या बाजारातले हमाल, सेनोनच्या फुटबॉल संघातले. कप्तान मात्र मिळेना. प्रेत व्हायला माणसं तयार होती, भूत व्हायलाही. कप्तान व्हायला कुणी तयार नव्हतं. एका शाळामास्तराने होकार दिला. गणवेश घालून आरशात पाहिलं आणि लगेच उतरवून ठेवला. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी तर तो घरीच सापडला नाही.

दुसरा माणूस आणायला ना वेळ ना पैसा. ट्रक दुपारी कांद्यांना जायचा होता. कॅसेट एकच उरली होती, आणि ऊन डोंगरावरून उतरलं की पहाटेचा उजेड संपला. तेव्हा अबिलिओने स्वतःच तो गणवेश चढवला.

"अट विसरलास का रे?" सेनोनने विचारलं.

"मी आता कुठला गावातला? मी शहरात राहतो."

गावकऱ्यांनी पाहिलं. तेओदोसियोचं तोंड आवळलं गेलं. पण थंडीत सगळे येऊन उभे होते, मार्सेलिनाच्या सूपाची भांडी चुलीवर चढली होती. सगळे रांगेला लागले. पोरं मात्र खिदळत होती, "अबिलिओकाका, टोपी मोठी झाली!"

ठरलेलं असं होतं: कप्तानाने दोन पोरांना रांगेतून ओढायचं, बायकांनी आक्रोश करायचा, कप्तानाने स्पॅनिशमध्ये "मागे व्हा!" म्हणून ओरडायचं आणि चालू लागायचं. बस्स.

कॅमेरा सुरू झाला. अबिलिओ ओरडला आणि त्याचा आवाज चौकाच्या भिंतींवर असा आपटला की खिदळणारी पोरंही गप्प झाली. त्याने दोघांना ओढलं. बायका रडल्या, काही खऱ्याच रडल्या. आणि मग रांगेतून ममाय लेओन्सिया बाहेर आली.

ही गावची सुईण, म्हणून सगळ्यांची ममाय, म्हणजे आई. इलारियो तिचा एकुलता एक, याच चौकातून नेलेला. तिने छावणीच्या फाटकावर खेटे घातले. फाटकावरचे म्हणायचे, या नावाचा इथे कुणी नाही. पुढे छावणीही उठून गेली. म्हातारी कुणाशी त्याबद्दल चकार शब्द बोलत नसे. तिला फक्त उभं राहायला सांगितलं होतं.

ती थेट कप्तानासमोर आली आणि तिने त्याची बाही धरली.

"पापाय," मोठ्या माणसाला म्हणतात तसं ती गावच्या क्वेचुआ भाषेत म्हणाली, "माझा इलारियो कुठे ठेवलात?"

खरं सांगायचं तर अबिलिओला आधी आनंद झाला. काय काम करतेय म्हातारी! ओझरतं त्याने पाहिलं, सेनोनचा कॅमेरा तिच्यावरच होता.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "तुम्हाला शिक्षा व्हावी असंही म्हणत नाही. फक्त जागा सांगा. माझा मी घेऊन येते त्याला. परत कधी तुमच्या दारी येणार नाही."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आता थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं ते दिग्दर्शकाने, आणि दिग्दर्शक कप्तानाच्या कपड्यांत उभा होता. उजेड अजून होता, कॅसेट चालू होती. आणि अबिलिओने तिच्या कानाशी वाकून क्वेचुआत उत्तर दिलं. तिच्या भाषेत तिला आजवर एकाही अधिकाऱ्याने उत्तर दिलं नव्हतं.

"खाली ओढ्यापाशी, ममाय. मोयेच्या झाडांखाली."

तिने बाही सोडली. "देव तुमचं भलं करो, पापाय," म्हणाली आणि घरी निघून गेली. सैनिक झालेले हमाल बाह्यांनी डोळे पुसत होते. सेनोन पळत येऊन त्याला मिठी मारत म्हणाला, "मेल्या, सिनेमा झाला तुझा!" मग सगळ्यांनी सूप प्यायलं.

दया आली म्हणून आपण ते बोललो, की प्रसंग रंगावा म्हणून? हे त्याने पुढे स्वतःला खूपदा विचारलं. दोन्ही होतं, आणि किती कशाचं होतं ते त्याला कधीच वेगळं करता आलं नाही.

काही आठवडे तो मित्राच्या दुकानात संगणकावर सिनेमाची जोडणी करत बसला. ते दृश्य पुन्हा पुन्हा लावून पाहायचा. ज्यासाठी उपास काढले ते हेच, असं त्याला वाटायचं. त्याला इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं. अशात एक दिवस दुकानाच्या दारात तेओदोसियो येऊन उभा राहिला. तो बसलाही नाही.

"म्हातारी खणतेय."

"कोण?"

"कोण म्हणे! लेओन्सिया. तुझा ट्रक गेला, तिने कुदळ उचलली. आधी वाटलं, दमेल. आता बाकीच्या बायकाही जातात. ज्यांचं ज्यांचं कुणी गेलंय त्या सगळ्या. बटाटे जमिनीत सडायला लागलेत, अबिलिओ."

"पण तो सिनेमा होता, तेओदोसियोबाबा! तिला ठाऊक होतं ना मी कोण ते?"

"तुझी नाळ तिनेच कापलीय. तिला नाही ठाऊक तर कुणाला?"

"मग?"

"मग तू उत्तर का दिलंस?"

अबिलिओने संगणकावरचं दृश्य थांबवलं.

"सभेने ठरवलंय," तेओदोसियो म्हणाला. "हे थांबत नाही तोवर तुझा सिनेमा कुठेही लागायचा नाही. त्यात आमची तोंडं आहेत. एक अट घातली होती तुला. एकच."

अबिलिओ दुसऱ्याच दिवशी वर गेला. मोयेच्या झाडांखालचा उतार डुकरांनी उकरावा तसा झाला होता. म्हातारी कंबरभर खड्ड्यात होती. कुठेच काही सापडलं नव्हतं, एक जुना चमचा सोडून.

"ममाय लेओन्सिया, मी खोटं बोललो," तो खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाला. "मला काही ठाऊक नाही. मी तेव्हा एवढासा होतो. तू ओळखतेस ना मला?"

"ओळखते की, बाळा. तू तेओफिलाचा अबिलिओ."

"मग ऐक माझं. असं कुणी काही सांगितलेलं नाही."

ती हसली, लहान पोराला समजवावं तसं. "असंच असतं, बाळा. एक जण सांगतो. मग दुसरा येतो आणि म्हणतो, असं कुणी बोललंच नाही. फाटकावर मला हेच म्हणायचे."

अबिलिओ काठावरून उठला. खरंच, तो नेमकं तेच बोलला होता. तो तसाच खाली शहरात आला आणि घरी येऊन हमसून हमसून रडला. मार्सेलिनाने सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली, ट्रंक उघडली आणि घडी घातलेला गणवेश त्याच्या पुढ्यात ठेवला.

"तेव्हा घालू नको म्हणायला हवं होतं मी, आणि म्हटलं नाही. आता घाल. ज्याने सांगितलं त्यालाच जाऊन सांगू दे."

तेओदोसियोच्या भिंतीआड त्याने कपडे बदलले. चौकातून उतरताना दारं एकेक करून लागली. ज्या पोरांना टोपीचं हसू आलं होतं ती दिसलीच नाहीत. ओढ्यापाशी बायकांच्या कुदळी थांबल्या. ममाय लेओन्सिया खड्ड्यातून वर आली, हात घागऱ्याला पुसले आणि त्याच्यासमोर अदबीने उभी राहिली.

"ममाय, तुमचा मुलगा इथे नाही," अबिलिओ म्हणाला. "मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं."

"मग कुठे आहे, पापाय?"

अख्ख्या सिनेमाचे संवाद त्याने लिहिले होते, मेलेल्यांचेसुद्धा. इथे त्याच्याकडे एकच खरं वाक्य होतं आणि ते त्याने सांगितलं.

"मला ठाऊक नाही."

म्हातारीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिला राग आला नव्हता. राग आला असता, तिने शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर अबिलिओ तिचे पाय धरायला तयार होता. ती बायकांकडे वळली.

"ह्यांना आठवत नाहीये," ती म्हणाली. "इतक्यांना नेलं. कुठला कुठे, ते ह्यांना तरी कसं आठवावं?"

मग ती झाडांच्या पलीकडे गेली, जिथे अजून कुणी खणलं नव्हतं, आणि तिने कुदळ मारली. अबिलिओ धावत गेला आणि कुदळ तिच्या हातून घेऊ लागला.

"नको, पापाय," ती म्हणाली. "तुम्ही नुसते उभे राहा. जागा बघून आठवतंय का बघा."

अबिलिओ संध्याकाळपर्यंत तिथे उभा राहिला.